प्रकल्प नोंदी: वजाबाकी

४ जानेवारी

मुदत आठ आठवडे, १ मार्चपर्यंत. नाव तूर्त 'वजाबाकी'.

माझ्या फोनमध्ये 'हवंय' नावाची एक यादी आहे. काल रात्री झोप येईना म्हणून मोजली, तर २३ वस्तू निघाल्या. त्यातल्या सहा कशासाठी लिहिल्या होत्या तेच आठवेना. शोधताशोधता तीन वर्षांपूर्वीची यादीही सापडली, आणि खरा दणका तिने दिला. त्या यादीतलं जवळजवळ सगळं आज घरात आहे. त्यातल्या कुठल्याही वस्तूचं कौतुक पंधरा दिवसांवर टिकल्याचं मला आठवत नाही. नव्या यादीत निम्म्या जागी त्याच वस्तूंच्या पुढच्या आवृत्त्या आहेत.

घर रिकामं करायच्या मोहिमा दोनदा करून झाल्या. कपाटं रिकामी झाली, यादी जिथल्या तिथे. म्हणून या वेळी वस्तूंना हातच लावायचा नाही. 'हवंय' म्हणजे नक्की काय होतं, ते बघायचं. स्टोइक मंडळींनी, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्वज्ञांनी, हेच केलं असं गेले काही महिने वाचते आहे. वाचन पुरे झालं. आठ आठवडे यादीतलं काही घ्यायचं नाही, पण यादी खोडायचीही नाही. दर आठवड्याला त्यांचा एखादा सराव करून बघायचा आणि जे घडेल ते इथे लिहायचं, फजितीसकट.

यादीतला पहिला क्रमांक नव्या लॅपटॉपचा, तोही चांगला भारीतला. सध्याचा आठ वर्षांचा आहे. बिजागरी सैल झाल्यामुळे पडदा मागे कलतो, म्हणून पाठीशी जाड शब्दकोश उभा करून ठेवते. पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळतं. आणि 'ळ'ची कळ एकदा दाबली की अक्षर दोनदा उमटतं. 'वेळ' लिहायला जावं तर 'वेळळ'. माझं काम भाषांतराचं, ळ टाळून मराठीत दिवस काढता येत नाही. प्रत्येक ळनंतर एकदा खोडायची कळ दाबायची, हे आता बोटालाच पाठ झालं आहे.

६ जानेवारी

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा शोधायला नको.

स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो हा सायप्रसमधल्या किटिऑनचा. त्याचं मालाने भरलेलं जहाज फुटलं, तो अथेन्सला आला आणि तिथे तत्त्वज्ञानाच्या नादी लागला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा प्राचीन लेखक डायोजिनीस लाएर्शियस सांगतो. 'जहाज फुटलं तेव्हाच माझा प्रवास चांगला झाला' असं झेनो पुढे म्हणायचा म्हणे. इ.स.पू. ३००च्या सुमारास तो अथेन्समधल्या 'स्टोआ पोइकिले'त, म्हणजे भिंतींवर चित्रं असलेल्या ओसरीत शिकवू लागला. स्टोइक म्हणजे सरळ मराठीत 'ओसरीवरचे'.

ज्यांचं लेखन वा शिकवण आपल्या हाती बऱ्यापैकी शाबूत आली, ते तिघे त्यानंतर साडेतीनशे ते पावणेपाचशे वर्षांच्या दरम्यान रोमन साम्राज्यात झाले. सेनेका सम्राट नीरोचा सल्लागार आणि गडगंज श्रीमंत. एपिक्टेटस गुलामीत वाढलेला. मार्कस ऑरेलियस स्वतःच सम्राट. एकाकडे अमाप, एकाकडे जवळजवळ काही नाही, एकाकडे साम्राज्य. तरी 'पुरे' या शब्दाबद्दल तिघं जवळपास एकच बोलतात. मला त्यांच्याकडे ओढलं ते या गोष्टीने. समाधान मालमत्तेच्या आकड्यात असतं, तर या तिघांची मतं जुळायला नको होती.

१० जानेवारी

पहिला सराव मार्कसच्या टिपणांतला, सातव्या भागातलं सत्ताविसावं टिपण. तो स्वतःला सांगतो ते साधारण असं: जे नाही ते असल्याची स्वप्नं बघू नकोस, जे आहे त्यातलं उत्तम निवड आणि ते नसतं तर तू त्यासाठी किती झुरला असतास, ते आठव. त्याच टिपणात पुढे एक इशारा आहे. तो आज मी नुसता वाचून सोडला.

ही टिपणं त्याने ग्रीकमध्ये, स्वतःसाठी लिहिली. त्यातल्या काही भागांवर युद्धछावणीतली ठिकाणं नोंदलेली आहेत. इ.स. १६१ ते १८० या त्याच्या राजवटीत साथीचा रोग होता, सरहद्दीवर लढाया होत्या. हाताशी साम्राज्य असलेल्या माणसालाही 'जे आहे त्याकडे बघ' हे कागदावर लिहून स्वतःला बजावावं लागलं, याचा मला उगाच आधार वाटला.

करून काय बघितलं? लॅपटॉप सकाळी कपाटात ठेवून दिला, संध्याकाळपर्यंत काढायचा नाही असं ठरवून. नुसती कल्पना करायची असताना मी खरीच वजाबाकी केली, हा पहिला घोटाळा. दिवसभर फक्त गैरसोय झाली. कृतज्ञता वगैरे काही नाही, नुसती चिडचिड. संध्याकाळी तो बाहेर काढला तेव्हा मात्र पंख्याची घरघर ऐकून हायसं वाटलं, हे कबूल.

१३ जानेवारी

आज फक्त कल्पना. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुरुवात केली, आणि मन लॅपटॉपवरून घसरलं ते थेट आईवर. ती नसती तर, ती नसेल तेव्हा. तासभर डोळे टक्क उघडे. सकाळी डोकं जड.

'मन चिंती ते वैरी न चिंती' हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मग हा सराव आणि काळजी यांत फरक काय? सेनेकाचं तेरावं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात तो मित्र लुसिलियसला बजावतो की आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेतच जास्त सोसतो. तोच माणूस इतरत्र संकटं आधीच डोळ्यांपुढे आणायला सांगतो. दोन्ही एकत्र ठेवून मी माझ्यापुरती रेघ अशी ओढली: काळजी पुढे पळते आणि परत येत नाही. सराव क्षणभर पुढे जातो आणि समोरच्या वस्तूकडे, माणसाकडे परत येतो. परत न येणारा विचार हा सराव नव्हे.

तेव्हा हे रात्री करायचं नाही. उजेडात करायचं, दोन मिनिटं, आणि शेवट प्रत्यक्ष स्पर्शाने करायचा. आईच्या बाबतीत शेवट म्हणजे तिच्या खोलीत जाऊन काहीतरी फालतू विचारणं.

१६ जानेवारी

सुधारित पद्धत जमते आहे. आज गुडघा. मागच्या वर्षी तो दीड महिना दुखत होता, तेव्हा जिना चढता येणं एवढंच मला हवं होतं. आता दिवसातून चार वेळा चढते आणि जिना चढताना फोन बघते. 'काखेत कळसा' म्हणतात तो हा.

एक आधुनिक दुजोराही मिळाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात काहींना आपल्या आयुष्यातली चांगली गोष्ट कशी घडली ते लिहायला सांगितलं, तर काहींना ती घडलीच नसती तर कसं झालं असतं ते. दुसऱ्या गटाला जास्त बरं वाटलं. आणि तसं होईल असा अंदाज लोकांना आधी करता आला नव्हता. मार्कसला आला होता, असं म्हणावं का? की त्यालाही नुसतंच करून बघताना सापडलं?

लॅपटॉपबद्दल: आज पहिल्यांदा लक्षात आलं की गेल्या आठ वर्षांतलं माझं सगळं काम या यंत्रावर झालं आहे. शब्दकोश पाठीशी लावून बसलेला तो मला म्हाताऱ्या कारकुनासारखा दिसला. हे जरा जास्तच होतंय, पण लिहून ठेवते.

१९ जानेवारी

कचेरीत बातमी कळली. माझ्यानंतर लागलेल्या सहकारी बाईंना गटप्रमुख केलं. अभिनंदन केलं, हसले, जागेवर आले. समोरच्या ओळीतले 'ळळ' मोजत बसले.

सराव केला नाही. करावासा वाटला नाही.

२१ जानेवारी

एपिक्टेटसच्या शिकवणुकीची त्याचा शिष्य आरियनने केलेली एक छोटी पुस्तिका आहे, त्रेपन्न प्रकरणांची. पंचविसावं प्रकरण परवा मला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं. सुरुवातच अशी: मेजवानीत, अभिवादनात किंवा सल्लामसलतीत तुझ्याआधी दुसऱ्याला मान मिळाला का? म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कचेऱ्या होत्याच.

मग तो बाजारातल्या लेट्यूसच्या भावावर येतो. समजा एका जुडीला एक ओबोल पडतो. (ओबोल हे ग्रीक नाणं, सहा ओबोलांचा एक द्राख्मा.) कुणी ओबोल दिला आणि जुडी नेली. तू दिला नाहीस, तुला मिळाली नाही. त्याच्याकडे जुडी आहे, तसा तुझ्याकडे ओबोल आहे. मेजवानीचंही तेच. यजमान आपलं जेवण स्तुतीच्या भावात विकतो, हांजी हांजीच्या भावात विकतो. भाव न देता माल मागणारा हावरट आणि मूर्ख. आणि तुझ्याकडे काहीच उरलं नाही असंही नाही: ज्याची स्तुती करायची नव्हती त्याची ती करावी लागली नाही, त्याच्या दारावरच्या नोकरांचा माज सोसावा लागला नाही.

आजवर मी समाधानाच्या नावाने फक्त जमेच्या बाजूकडे बघत होते. हा माणूस म्हणतो, पावती बघ.

म्हणून पावती लिहिली. डावीकडे बाईंना काय मिळालं: नवा लॅपटॉप, पद, पगार. (लॅपटॉप आधी लिहिला गेला. नोंद घ्यावी.) उजवीकडे त्यांनी काय मोजलं: दोन वर्षं रात्री साडेआठपर्यंत चालणाऱ्या बैठका. सुट्टीच्या दिवशीचे फोन. दुसऱ्याचं चुकलेलं काम त्याच्या तोंडावर परत करणं आणि मग आठवडाभर त्याचं न बोलणं सोसणं. हे सगळं मी शेजारच्या टेबलावरून बघितलं आहे आणि मनात म्हटलं आहे, आपल्याला नाही बाई जमायचं.

मग माझ्याकडे उरलेले ओबोल. संध्याकाळी सहाला मी कचेरीतून उठते. आईबरोबर चालायला जाते, आणि गेल्या दोन वर्षांत तिच्या लहानपणाबद्दल मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या तीस वर्षांत कळलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी फोन उलटा ठेवते. हे नाणं मुठीत घट्ट धरून मी दुसऱ्याच्या पिशवीत डोकावत होते.

इथवर छान वाटलं. मग हिशेब पुन्हा तपासला तर दोन गोष्टी बसेनात. एक, बाईंना कामाची आखणी माझ्यापेक्षा खरोखर चांगली जमते. ती काही त्यांनी मोजलेली किंमत नव्हे, तो त्यांचा गुण आहे, आणि ओबोलाच्या हिशेबात तो गुण बुडवणं हा लबाडपणा होईल. दुसरी गोष्ट जास्त बोचली. मी वाचवलेल्या ओबोलांपैकी काही खोटे निघाले. आईबरोबरची संध्याकाळ खरं नाणं. पण वरिष्ठांशी अवघड विषय न काढणं, मागच्या तिमाहीतल्या जादा कामाचे पैसे आजवर न मागणं, याला मी 'मनःशांती जपली' असं नाव दिलं होतं. ती शांती नव्हती, घाबरटपणा होता. असं नाणं मुठीत धरून काही उपयोग नाही.

२५ जानेवारी

दादाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अगं, पण कोल्ह्याला द्राक्षं आंबट ती हीच ना?"

मी म्हटलं, कोल्हा द्राक्षांना नावं ठेवतो. एपिक्टेटस लेट्यूसला नावं ठेवत नाही. जुडी चांगलीच असते, फक्त तिला भाव असतो.

"बरं. आणि ज्याच्याकडे ओबोलच नाही त्याचं काय? तुझा हा एपिक्टेटस गुलाम होता म्हणतेस. गुलामाने आहे त्यात समाधान मानलं तर सगळ्यात खूश कोण होणार? मालक."

याला पटकन उत्तर आलं नाही. दादाशी वाद घालताना नेहमी असंच होतं, उत्तर दोन दिवसांनी सुचतं.

२७ जानेवारी

सुचलं. एपिक्टेटस स्वतःच हेल्विडियस प्रिस्कस या रोमन सिनेटच्या सभासदाची गोष्ट सांगतो. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला निरोप पाठवला, सभागृहात येऊ नकोस. उत्तर गेलं: मला सभासदपदावरून काढणं तुझ्या हातात आहे, पण मी सभासद आहे तोवर यायलाच हवं. बरं, ये, पण बोलू नकोस. माझं मत विचारू नकोस, मी गप्प बसेन. पण मला विचारावंच लागेल. मग मलाही योग्य वाटेल ते बोलावंच लागेल. बोललास तर मारून टाकीन. मी अमर आहे असं मी तुला कधी म्हणालो? हेल्विडियसचा शेवट खरोखरच सम्राटाच्या हुकमाने झाला.

'आहे त्यात समाधान' हे या माणसाला मुकाट बसवू शकलं नाही, कारण त्याला काही काढून घेण्याची भीती घालता येत नव्हती. मालकाला सोयीचा असतो तो हपापलेला माणूस. ओसरीवरच्यांच्या चार सद्गुणांत न्याय आहे, धैर्यही आहे. 'जे होईल ते सोसत राहा' असा पाचवा त्यात नाही. आपल्या हातात काय आणि हाताबाहेर काय, हे ते सारखं विचारतात. पैसे मिळणं हाताबाहेर. मागणं हातात.

दादाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग अर्ज केलास?"

२८ जानेवारी

अर्ज केला. चार ओळींचा. तारखा, तास, विनंती. पाठवताना हात थरथरत होता, आणि 'वेळळ' तसंच राहून गेलं.

१ फेब्रुवारी

सेनेकाचे तीन दिवस. अठराव्या पत्रात तो लुसिलियसला सांगतो: काही दिवस ठरवून साधंसुधं, जाडंभरडं घे आणि स्वतःला विचार, याचीच का मला भीती वाटत होती? तीन-चार दिवस सलग, नुसता खेळ म्हणून नव्हे.

मी जमिनीवर झोपले, कपड्यांच्या एकाच जोडीवर दिवस काढले, फोनवर फक्त बोलणं. पहिला दिवस जड गेला. दुसऱ्या दिवशी सवय. तिसऱ्या दिवशी मजा, आणि तिथेच माशी शिंकली. दुपारपर्यंत मी चार जणांना सांगून झालं होतं की मी सध्या जमिनीवर झोपते. आईने पाचव्यांदा ऐकल्यावर विचारलं, "कुणी बक्षीस देणार आहे का?"

एपिक्टेटसच्या पुस्तिकेचं सत्तेचाळिसावं प्रकरण आईच्याच बाजूने आहे: थोडक्यात भागवायला शिकलास तर मिरवू नकोस, पाणी पीत असशील तर उठल्यासुटल्या 'मी पाणी पितो' म्हणू नकोस. सेनेकाचा टोला त्याहून लागणारा. तू काही मोठं करतो आहेस असं समजू नकोस, तो लिहितो. हजारो गुलाम आणि गरीब माणसं रोज हेच करतात, तू फक्त ते आपखुशीने करतो आहेस.

अर्थात हे लिहिणाऱ्या सेनेकावर त्याच्या हयातीतच ढोंगाचा आरोप झाला. चार वर्षांच्या राजकृपेत तीस कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) कुठल्या तत्त्वज्ञानाने मिळवले, असं त्याचा विरोधक सुइलियसने विचारल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलं आहे. प्रश्न रास्त होता. तरी मी सेनेकाला सोडत नाही, ते सत्त्याऐंशीव्या पत्रासाठी. त्यात तो मोजक्या नोकरांसह, एका साध्या खेडवळ गाडीतून प्रवासाला निघतो, दोन दिवस मजेत जातात, आणि तरीही वाटेत थाटामाटाचा ताफा समोर आला की आपल्या या गाडीची लाज वाटून चेहरा लाल होतो, असं कबूल करतो. आपली प्रगती अजून कच्ची आहे हे तो त्यावरून ओळखतो. बाईंच्या नव्या लॅपटॉपशेजारी मी माझा शब्दकोश उभा करते तेव्हा माझं हेच होतं.

८ फेब्रुवारी

लॅपटॉप गेला.

सकाळी सुरू केला, पंखा घरघरला, पडदा काळा. पुन्हा केला, घरघरही नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि मुख्य पट्टी जळाली म्हणून सांगितलं. काम सगळं दुसरीकडे साठवलेलं आहे, नुकसान असं काही नाही.

मी रडले. महिन्याभरापूर्वी जो टाकायला निघाले होते, त्या यंत्रासाठी.

९ फेब्रुवारी

मार्कसच्या त्या टिपणातला सोडून दिलेला इशारा आज नीट वाचला. आहे त्याचं मोल जाण, पण त्याची इतकी सवय लागू देऊ नकोस की ते गेल्यावर तू अस्वस्थ होशील. एका श्वासात सांगितलेलं अर्धं मी उचललं आणि अर्धं ठेवून दिलं. चार आठवडे मी लॅपटॉपवर प्रेम करायला शिकले. म्हणजे मी हव्यास घालवला नव्हता, त्याची जागा बदलली होती. न मिळालेल्यावरून मिळालेल्यावर.

एपिक्टेटसकडे देवांपुढे लोखंडी दिवा होता. एकदा खिडकीशी आवाज झाला, तो धावला, दिवा चोरीला गेलेला. तो म्हणाला, उद्या मातीचा मिळेल. माणूस हरवतो ते जवळ असलेलंच. पण मला दुसऱ्या एका जागी त्याच दिव्याबद्दल त्याने जे म्हटलं ते जास्त आवडतं. जागं राहण्यात चोर माझ्याहून सरस ठरला म्हणून दिवा गेला. पण त्याने तो केवढ्याला घेतला? एका दिव्यासाठी तो चोर झाला, बेइमान झाला. इथेही पावतीच. आपल्या दिव्याच्या दुःखातून हा माणूस थेट चोराच्या हिशेबात शिरतो.

पुढची गंमत लुशियन या प्राचीन उपहासलेखकाने लिहून ठेवली आहे. एपिक्टेटसच्या मृत्यूनंतर त्याचा तो मातीचा दिवा एकाने तीन हजार द्राख्मांना विकत घेतला, त्याच्या उजेडात रात्री वाचलं की आपोआप शहाणपण येईल म्हणून. माझ्या कपाटात समाधानावरची अकरा पुस्तकं आहेत, तेव्हा मी जास्त हसत नाही.

१२ फेब्रुवारी

प्रश्न: आता काय? यादीतलं काही घ्यायचं नाही हा नियम, आणि लॅपटॉपशिवाय काम नाही. दोन दिवस उसनं यंत्र वापरलं आणि 'स्टोइक माणूस नवं घेतो का' यावर डोकं खपवलं.

उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं आहे. आरोग्य, पैसा, चांगलं अवजार या गोष्टी त्यांच्या लेखी चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत, पण काही निवडण्याजोग्या आहेत. मिळत असतील तर घ्याव्यात, फक्त त्यांच्यापायी स्वतःला विकू नये. संपत्तीची योग्य मर्यादा कोणती, याला सेनेका दुसऱ्या पत्रात दोन पायऱ्या सांगतो: आधी आवश्यक तेवढं असणं, मग पुरेसं असणं. तिसरी पायरी तो सांगतच नाही. माझी अख्खी यादी त्या तिसऱ्या पायरीवर उभी होती.

दुरुस्त करून विकायला ठेवलेला, चार वर्षं वापरलेला एक लॅपटॉप घेतला. पडदा स्वतःच्या पायावर उभा राहतो.

दादा म्हणाला, "म्हणजे शेवटी घेतलाच." हो, घेतलाच.

१८ फेब्रुवारी

अर्जाला उत्तर नाही. आठवण करणारं पत्र पाठवलं. हात थरथरला नाही.

बाईंनी परवा माझं एक भाषांतर परत केलं, दोन परिच्छेद पुन्हा करा म्हणून. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सांगताना त्यांचाच चेहरा पडला होता. तेव्हा वाटलं, हा ओबोल त्या रोज मोजतात. दुपारी त्यांना सांगितलं की दुरुस्ती योग्य होती. त्या जरा वेळ बघतच राहिल्या.

२२ फेब्रुवारी

यादी मोजली. ती आपोआप आकसेल अशी आशा होती, तसं काही झालेलं नाही. एक वस्तू घेऊन झाली. वस्तू म्हणावी का, कारण यादीत होता तो हा नव्हेच. नऊ वस्तूंसमोर आता काहीच वाटत नाही. तेरांसमोर वाटतं. आणि या आठवड्यात कधीतरी मीच दोन नव्या लिहिल्या आहेत, त्यातली एक म्हणजे टेबलावरचा दिवा.

प्रत्येकीपुढे आता एक रकाना वाढवला: भाव. पैशांतला नाही, किती तास, किती हांजी हांजी, किती जागरण. चारांपुढे भाव लिहितानाच त्या नकोशा झाल्या. दिव्यापुढे काही लिहायला सुचलं नाही. बहुधा घेईन.

१ मार्च

मुदत संपली. जादा कामाच्या पैशांचं उत्तर आलं: अर्धे मंजूर, अर्ध्यांसाठी कागद मागितले आहेत. कागद उद्या देते.

सकाळी आईबरोबर फिरून आले. आज गुडघा किंचित दुखतोय. जिना हळू चढले, फोन खिशात ठेवून.

नव्याजुन्या लॅपटॉपबद्दल एक तांत्रिक नोंद राहिली. त्याच्या सगळ्या कळा ठणठणीत आहेत, अक्षर एकदाच उमटतं. पण बोटाला ते अजून कळलेलं नाही. ते सवयीने मागे जातं आणि असलेला एकुलता एक ळ खोडून टाकतं. गेल्या पंधरवड्यातल्या मजकुरात 'वे' आहे, 'सग' आहे, 'का' तर कितीतरी. ही नोंद लिहितानाही सात ठिकाणी परत जाऊन ळ भरावे लागले.